मोठे दुखणे व लहान दुखणे

एखाद्या घरी जन्मतःच हृदयात दोष असलेले लेकरू असते. चार पावले चालताच त्यास धाप लागते. रडू लागले की ओठ निळे पडतात. त्याच्या आईस कोणी विचारले, "बाई, ह्याचे दात इतके कसे किडले?" तर ती म्हणेल, "ह्याचा जीव राहतो की नाही, हीच मला रात्रंदिवस धास्ती. दातांचे काय घेऊन बसलात?" ह्या उत्तराबद्दल तिला दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. तरी मोठे संकट आले असता लहान कर्तव्य सुटते काय, हा प्रश्न राहतोच.

किडलेल्या दातांतून व सुजलेल्या हिरड्यांतून सूक्ष्म जंतू रक्तात शिरतात. निरोगी मनुष्याचे शरीर त्यांचा लवकरच नाश करते. परंतु ज्याचे हृदय सदोष आहे, त्याच्या हृदयाच्या झडपांवर किंवा आतील अस्तरावर ते ठाण मांडू शकतात. मग जो दाह होतो तो प्राणावर बेततो. म्हणूनच हृदयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी मुलाचे तोंड तपासून घेतात. जिच्यासाठी आईबापांनी पैपै जमविली, ती शस्त्रक्रिया एका दाढेपायी लांबणीवर पडू शकते. आता लहान कोणते आणि मोठे कोणते?

पूर्वी अशा बहुतेक मुलांस दात काढण्याआधी जंतुनाशक औषध देत असत. २००७ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने ते फक्त सर्वांत अधिक धोका असलेल्यांस द्यावे असे सुचविले; जसे कृत्रिम झडप बसविलेले, किंवा हा दाह पूर्वी एकदा होऊन गेलेले. कारण असे की, जंतू रक्तात शिरतात ते केवळ दात उपटताना नव्हे, तर रोज चावताना व दात घासतानाही. मुख जितके अस्वच्छ, तितके ते अधिक. तेव्हा वर्षाकाठी एकदा घेतलेल्या औषधावर भरवसा ठेवून रोजचे घासणे टाळणे हा शहाणपणा नव्हे.

पण घासणे टळते ते बहुधा आळसाने नव्हे, तर दयेने. "आधीच बिचाऱ्यास किती यातना, त्यात आणखी कशाला रडवा?" असे म्हणून ब्रश बाजूस ठेवला जातो, आणि समजूत घालण्यास हातावर पेढा किंवा बिस्किट येते. त्यात पुष्कळ पातळ औषधे साखरेची असतात. अशी औषधे दीर्घकाळ घेणाऱ्या मुलांत दंतरोग अधिक असल्याचे १९७९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले होते. (दात दुखला म्हणून लेकराच्या हिरड्यांस मिश्री चोळणाऱ्या आज्याही आम्ही पाहिल्या आहेत, तो तंबाखूच होय.) आम्हांस वाटते, ह्या दयेत मुलाचे रडू चुकविण्यापेक्षा ते ऐकण्याचे आपले दुःख चुकविण्याचा भाग अधिक असतो. हे लिहिणे कठोर आहे खरे.

दोष केवळ घरचा नाही. हृदयरोग ऐकताच काही दंतवैद्य हात मागे घेतात. त्यांची भीती निराधार नाही; रक्त न थांबणे, भूल न मानवणे, असे धोके असतात. परंतु "येथे होणार नाही" एवढेच बोलून दार लोटणे निराळे, आणि हृदयाच्या डॉक्टरांस चिठ्ठी लिहून कोठे व केव्हा जावे हे सांगून पाठविणे निराळे. पहिल्यात वैद्य स्वतःस राखतो, दुसऱ्यात मुलास.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत वर्षातून दोनदा व सरकारी शाळांत एकदा मुलांची तपासणी करण्याची योजना आहे. तीत जन्मजात हृदयविकार व दातांचे विकार दोन्ही पाहिले जातात. आजारी म्हणून त्या दिवशी मुलास घरी ठेवू नये. आणि दंतवैद्याकडे गेल्यावर, मुलाने तोंड उघडण्याआधीच त्याच्या हृदयाचे कागद मेजावर ठेवावेत.