विश्वस्त कुणाच्या?

पैसा लंडनचा, निर्णय लंडनचे आणि माणसं मात्र भिवंडीची, हे किती दिवस चालायचं, असा प्रश्न परदेशी मदतसंस्थांना आता पडू लागला आहे. ॲक्शनएडने आपलं मुख्य कार्यालय लंडनहून जोहान्सबर्गला नेलं, ऑक्सफॅमच्या आंतरराष्ट्रीय सचिवालयाने नैरोबी गाठलं. पत्ता बदलणं त्या मानाने सोपं. विश्वस्त मंडळावर गल्लीतलं माणूस बसवायचं म्हटलं की खरी अडचण सुरू होते. लंडनच्या अशाच एका संस्थेकडून तसं एक निमंत्रण भिवंडीतल्या कामतघरच्या एका बाईला आलं. ती बचत गट चालवते, यंत्रमागासाठी कांडी भरते, आणि एके काळी नगरपालिकेच्या शाळेत माझी विद्यार्थिनी होती. पत्र घेऊन ती माझ्याकडे आली. वऱ्हाळादेवी तलावाच्या कट्ट्यावर आमचं बोलणं झालं, ते असं.

"सर, यात मला स्थानिक नेत्या म्हटलंय. मी कसली नेता? गटाचे हप्ते गोळा करते."

"मग नेता कोण?"

"कारखान्याचा सेठ. नाहीतर गोदामाला जमीन देऊन मोठा झालेला कुणी. पत्र त्यांना जायला हवं होतं."

"या शहरात अशी पत्रं त्यांनाच जायची," मी म्हणालो. "१९७० ची दंगल झाली, १९८४ ची झाली. शांतता समित्या तेव्हाही होत्या. त्यात पुढारी नि प्रतिष्ठित बसायचे, चहा व्हायचा, निवेदन निघायचं. १९८८ मध्ये सुरेश खोपडे इथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या. त्यात साधी माणसं घेतली, दोन्ही समाजांची. हवालदार त्यांच्यात येऊन बसायचा."

"माहीत आहे. बाबा होते ना एका कमिटीत! लूमवरून सुटले की तसेच जायचे, कपड्यांना कापूस चिकटलेला. आई चिडायची. म्हणायची, दंगल नाही काही नाही, रोज कसली मीटिंग? नळाचं भांडण, गटाराचं भांडण, कुणाचा पोरगा कुणाच्या पोरीला काय बोलला."

"त्यातच सगळं होतं. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी पेटली नाही. गटारावरून भांडून भांडून माणसं एकमेकांना नावानिशी ओळखत होती."

मला वाटलं, मुद्दा पटला. पण ती माझीच विद्यार्थिनी.

"पण सर, कमिटी होती कुणाची? पोलिसांची. साहेब बदलले, पुढच्या साहेबांना तिचं तेवढं कौतुक नव्हतं. २००६ ला पोलीस ठाण्याच्या जागेवरून परत भडका उडाला, दोन पोलीस गेले. ज्याने बोलावलं त्याने बोलावणं बंद केलं की आपण परत घरी. हे लंडनवाले वेगळं काय करणार? लग्नात मान्यवर म्हणून नाव पुकारतात, नारळ देतात, पण पंगत किती पानांची हे कुणी विचारत नाही. तसंच ना?"

यावर मी तिला जॉकिन अर्पुथम यांचं सांगितलं. मुंबईतल्या मानखुर्दच्या जनता कॉलनी या झोपडपट्टीतला माणूस. १९७६ मध्ये ती वस्ती उठवली गेली, पण त्याआधीपासून त्यांची संघटना होती. पुढे स्पार्क ही संस्था आणि भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांची महिला मिलन त्यांच्या जोडीला आली, आणि १९९६ मध्ये या सगळ्यातून देशोदेशींच्या झोपडपट्टीवासीयांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. जॉकिन तिचे अध्यक्ष झाले. दुसऱ्याच्या मंडळावरच्या जागेने ते मोठे झाले नाहीत. आधी आपली माणसं मोजली, बांधली, मग जग त्यांच्याकडे आलं.

"म्हणजे मी जाऊ नये?"

"तसं नाही. तुझ्या गटाला त्या संस्थेकडून थेट पैसे मिळतील का?"

"पूर्वी आमच्या ओळखीच्या एका महिला मंडळाला मिळायचे, मुंबईच्या मोठ्या संस्थेमार्फत."

"परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने तो रस्ता बंद झाला. परदेशी देणगी एका संस्थेने दुसरीला देता येत नाही. खर्च मोठीनेच करायचा. म्हणजे निर्णयात तुला हात घालायचा असेल तर आत बसण्यावाचून इलाज नाही. पण आत बसलीस की एक पेच आहे. समज, पैसे कमी पडले. इथलं पाळणाघर बंद करायचं की नेपाळमधलं? कागदावर दिसतंय की नेपाळची गरज मोठी. तू हात कुणासाठी वर करशील?"

"आपल्यासाठी. माझी नात जाते तिथे."

"मग तर तुला मतच देता येणार नाही. हितसंबंध जाहीर करून त्या विषयापुरतं बाहेर जायचं, असा नियम असतो."

"म्हणजे ज्या विषयातलं मला कळतं, नेमकं त्याच विषयाला मी बाहेर?"

ती हसली. मला हसता येईना, कारण नियम काही वेडेपणाने केलेला नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांमध्ये घरच्यांची सोय किती होते हे आपल्या धर्मादाय आयुक्तांना चांगलंच ठाऊक असेल.

"बरं, नात नाही असं धर," मी म्हणालो. "तरी कायदा सांगतो, विश्वस्ताने संस्थेच्या हेतूचं हित पाहायचं, आपल्या गल्लीचं नाही. इंग्लंडचा कायदा हेच म्हणतो, आपलाही. तू भिवंडीची म्हणून तुला बोलावणार, आणि बसलीस की भिवंडी विसर म्हणणार."

"लंडनच्या बाईला हा प्रश्न पडतो का, सर? तिच्या गल्लीतलं पाळणाघर तर कधी यादीतच नसतं."

"तिचीही गल्ली आहे. देणगीदार. ते नाराज होतील म्हणून किती कामं बंद होतात."

"मग तिची गल्ली चालते, माझी नाही?"

"तिच्या नावापुढे ती लिहिलेली नसते, एवढाच फरक."

माझं मत असं आहे की निःपक्षपाती राहणं सगळ्यात स्वस्त पडतं ते ज्याचं काही जाणार नाही त्याला. म्हणून तो गुण खोटा ठरत नाही. पण त्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, एवढं तरी मंडळाने मान्य करावं. मी हे तिला जरा मास्तरी भाषेत सांगितलं. तिने सोपं करून टाकलं.

"मी नेपाळसाठीसुद्धा हात वर करीन. पण नेपाळची बाई त्या मीटिंगला असली पाहिजे. तिने माझ्याकडे बघून मागावं, मी तिच्याकडे बघून नाही म्हणावं, किंवा हो म्हणावं. आम्हा दोघींचं तिसरीने ठरवायचं, आणि मी एकटीने तिथे गल्लीचा फोटो म्हणून बसायचं, ते नको."

पुढचं बोलणं फार तात्त्विक नव्हतं. मंडळाच्या बैठका लंडनच्या दुपारी, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी, नेमकी पाणी यायची वेळ. विश्वस्ताला पगार नसतो. बसलं तेवढ्या कांड्या कमी. कागद इंग्रजीत, जाडजूड, आणि दोन दिवस आधी हातात. 'स्थानिक आवाज' हवा म्हणणाऱ्यांना हा हिशेब क्वचितच सुचतो. सेठला या कशाचीच अडचण नसती. पत्र अखेर सेठकडे का जातं, याचं निम्मं उत्तर मला इथेच सापडतं.

"मी काय करते," ती म्हणाली, "त्यांना कळवते की गटांची सभा घेऊ द्या. बायका निवडतील ती येईल, दोन वर्षांसाठी. बायकांना पटलं नाही तर त्याच तिला परत बोलावतील."

"परत बोलावणं त्यांच्या नियमात बसणार नाही. विश्वस्ताला बाहेरचे काढू शकत नाहीत."

"नियमात नसेना. काढलेली बाई परत कामतघरलाच येणार ना? तेवढं पुरे आहे."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायद्याकडेही असेल असं वाटत नाही.

"आणि तुला नाही निवडलं तर? पत्र तर तुझ्या नावाचं आहे."

"तर पद्मनगरची ती जाईल, साड्यांच्या गटाची. माझ्यापेक्षा हुशार आहे, भांडकुदळ पण आहे. तिला इंग्रजी अजिबात येत नाही."

"मग कागद मराठीत करून द्या म्हणायचं?"

"मराठी बोलते ती, पण वाचते तेलुगू. त्यांना लिहा सर, स्थानिक म्हणजे इथे हे असं असतं. आणि भिस्सीच्या खानावळीत जेवणारे यूपीचे लोक वीस-वीस वर्षं इथेच आहेत, त्यांच्यातलं कुणीच सभेला येत नाही, तेही लिहा."