पणजीची घंटा

तलावांच्या भंडारा जिल्ह्यातून, लाखनीहून गोव्याला निघालेला प्रवासी पणजीत ऊन, मांडवी आणि मिरामारची वाळू शोधतो. पण या शहरात एक जुना प्रश्नही भेटतो: पावित्र्य जागेचं की माणसांचं?

टेकडीवरच्या पांढऱ्या चर्चमधली प्रचंड घंटा मूळची जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची. १८३५ मध्ये मठ बंद पडला, पुढे वास्तू ढासळली. १८७१ मध्ये घंटा पणजीत आली. जागा सुटली, प्रार्थना सुटली नाही.

जवळच महालक्ष्मीचं देऊळ आहे.

पणजी राजधानी झाली १८४३ मध्ये. देवळाला परवानगी त्याआधीच, १८१८ मध्ये मिळाली होती. तीही देवळं पाडणाऱ्या पोर्तुगीज राजवटीकडूनच मागावी लागली. पावित्र्य माणसांबरोबर चालतं हे खरं, पण घंटा हलवली गेली आणि देवळं पाडली जात असताना देवता घेऊन भक्तांना पळावं लागलं, हा फरक पुसता येणार नाही.