उपस्थात्याला वीट द्या

सज्जनहो, पुंडलिकाची कथा आपणां सर्वांस तोंडपाठ आहे. देव दारी आला तेव्हा पुंडलिक आईबापांच्या सेवेत गुंतला होता. त्याने वीट पुढे टाकली आणि देवाला थांबावयास सांगितले. आपण नेहमी त्या विटेवरच्या देवाकडे पाहतो. आज आम्हांला आतल्या पुंडलिकाकडे पाहावयाचे आहे. त्याला सेवा करता आली, कारण सेवा करावयास घर होते. ज्याला घरच नाही, त्या पुंडलिकाने काय करावे?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे जवळ राहून शुश्रूषा करणारा. चौरंगाचा एक पाय काढला, तर चौरंग उभा राहील काय? पुढे पंधराव्या अध्यायात, शोधनचिकित्सेच्या रोग्याचे घर कसे असावे तेही सांगितले आहे. ते मजबूत असावे, वारा थेट अंगावर येऊ नये पण खेळता असावा, धूर, धूळ, ऊन आत येऊ नये, पाणी, स्नानाची जागा, शौचकूप आणि स्वयंपाकघर तेथेच असावे. पहा, औषधाइतकाच निवाऱ्याचा विचार!

आता आजची गोष्ट ऐका. मूत्रपिंड, यकृत, हृदय बदलण्याची विद्या आली आहे. १९५४ साली बोस्टनला जुळ्या भावाने भावाला मूत्रपिंड दिले आणि ते टिकले. आपल्याकडे १९९४ साली अवयवप्रत्यारोपणाचा कायदा झाला. दधीचीने अस्थी दिल्या, ते आपण कथेत ऐकतो. येथे आई लेकराला मूत्रपिंड देते, ते डोळ्यांनी दिसते. पण शस्त्रक्रिया झाली म्हणजे संपले, असे नाही हो! परका अवयव शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. पहिल्या महिन्यांत संसर्गाचे भय फार. रक्त पुन्हा पुन्हा तपासून औषधाची मात्रा ठरवावी लागते. म्हणून घरी जावयाची परवानगी मिळाली तरी गावी जाता येत नाही. पुष्कळ ठिकाणी सुमारे तीन महिने रुग्णालयाजवळच राहावयास सांगतात.

मृत दात्याच्या अवयवाची वाट पाहणाऱ्याचे हाल निराळे. काढलेले हृदय सुमारे ४ ते ६ तासच टिकते, यकृत सुमारे ८ ते १२ तास. निरोप मध्यरात्रीही येतो. महाराष्ट्रात ही वाटपाची व्यवस्था मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील केंद्रांतून चालते. आडगावच्या माणसाने तेथे तासाभरात कसे पोचावे? तो शहरातच मुक्काम करतो. आणि येतो तो एकटा नव्हे. रोगी, जिवंत दाता असेल तर तोही शस्त्रक्रियेतून उठलेला, आणि दोघांचे करणारा तिसरा. शेतीचे काम बुडते, मिळकत थांबते आणि शहरातले खोलीभाडे चालू राहते.

कोणी म्हणेल, "अहो, आमच्या धर्मशाळा आहेतच की!" आहेत, आणि त्यांची थोरवी आम्ही जाणतो. संत गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) अंगावर चिंध्या वागवून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांची माणसे राहतात. पण वारीतली धर्मशाळा गर्दीसाठी असते. शेजाऱ्याचा खोकला वारकऱ्याला दोन दिवस त्रास देईल. प्रत्यारोपण झालेल्याच्या तो जिवावर बेतेल. त्याला स्वतंत्र खोली, स्वतंत्र शौचकूप, उकळलेले पाणी, ताजे शिजवलेले अन्न लागते. असे सांगितले की वाटते, ही तर शिवाशिव झाली! नव्हे. शिवाशिवीत माणसाला तुच्छ मानून दूर ठेवतात. येथे त्याचा जीव मोलाचा मानून आपण दूर राहतो. क्रिया एकसारखी दिसली तरी भाव उलटा आहे, आणि धर्म भावावरून ओळखावा.

तेव्हा वारकऱ्याने काय करावे? ज्यांचे घर रुग्णालयाजवळ आहे, त्यांनी एखादी स्वच्छ खोली काही महिने द्यावी. दिंडीच्या फडाने एका खोलीचे वर्षाचे भाडे उचलावे. ते जमत नसेल, तर उपस्थात्याला दोन वेळचा डबा द्यावा. त्याने चार तास झोपावे म्हणून रुग्णाची औषधे आणून द्यावीत. आणि भेटीचा सोस आवरावा. ऊराऊरी भेट नको, पायांवर डोके नको, सर्दी असेल तर दारातही नको. अंगारा, काढा, झाडपाल्याचे औषध डॉक्टरांस विचारल्याशिवाय देऊ नये. पपनसासारखे फळसुद्धा काही औषधांचे रक्तातले प्रमाण बिघडवते. एकादशी असली तरी औषधाची वेळ चुकवू देऊ नये, आणि उपवासाचे डॉक्टरांनाच विचारावे. नाम घ्यावयास मात्र पथ्य नाही. ते दाराबाहेरूनही पोचते.

पुंडलिकाने देवाला वीट दिली, आणि त्या विटेवर देव अठ्ठावीस युगे उभा राहिला, असे आपण मानतो. आज शहरोशहरी रुग्णालयाच्या पायरीवर कोणी आई, कोणी भाऊ पिशवी उशाला घेऊन बसला आहे. सेवा तो करतोच आहे. त्याला टेकावयास जागा नाही, इतकेच. ती वीट आपण टाकावी. देव कोठे उभा राहावयाचा, ते त्याचे तो पाहील.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!