सोसण्यापुरती जागा

सस्पेन्शन आपटणे म्हणजे चाकाला वर जायला उरलेली जागा संपणे. उभ्या गाडीची स्प्रिंग गाडीच्या वजनाने आधीच काही अंशी दबलेली असते. त्या स्थितीपासून चाक आणखी जितके वर सरकू शकेल, तेवढेच अंतर धक्का झेलायला हाताशी असते. खड्ड्याच्या काठावर चाक उचलले जाते, स्प्रिंग दबत जाते आणि दबण्याची सीमा आली की भागावर भाग आदळतो. तोवर धक्का एकट्या स्प्रिंगचा असतो; त्यानंतर तो साऱ्या गाडीचा होतो. गाडी बुटकी केली की हे अंतर घटते. ८० मिलिमीटर जागा असलेली गाडी ३० मिलिमीटर खाली बसवली, तर ५० उरतात. रस्ता मात्र तोच राहतो.

आघात सोसला जातो तो ताठपणाच्या बळावर की मोकळ्या जागेच्या बळावर, हा प्रश्न धर्मचिंतनात फार जुना आहे. गाडीच्या बाबतीत त्याचे उत्तर मोजून काढता येते. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा ताठपणाच्या पटीत वाढते, पण अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून जागा निम्मी झाली, तर तोच धक्का पेलायला स्प्रिंग चौपट ताठ लागते. वरच्या उदाहरणात ८० चे ५० झाले, तर ताठपणा सुमारे अडीच पट हवा. तेवढ्याने गाडीच्या वरखाली होण्याची गती १.६ पट होते. सेकंदाला १.२५ वेळा डोलणारी आरामशीर गाडी २ वेळा डोलू लागते आणि रस्त्यावरची बारीक खडी आतल्या माणसाच्या मणक्याला कळू लागते. बाजारातल्या बुटक्या स्प्रिंगा सहसा इतक्या ताठ नसतात, कारण तशी गाडी रोज चालवणे कठीण होईल. स्प्रिंग कापण्याचा स्वस्त उपाय तर आणखी तोकडा. आठ कार्यरत वेढ्यांपैकी एक कापला, तर ताठपणा जेमतेम १४ टक्के वाढतो, आणि सोसायची जागा मात्र मोठ्या मापाने जाते. उणीव कुठेतरी भरावीच लागते.

जागेचे हे मोल जैन दर्शनाने फार नेमके ओळखले आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात आकाश हे एक स्वतंत्र द्रव्य मानले आहे आणि त्याचे कार्य एकच सांगितले आहे: इतरांना सामावून घेणे, अवकाश देणे. गतीला साहाय्य करणारे द्रव्य वेगळे, स्थितीला साहाय्य करणारे वेगळे. आकाश ढकलत नाही, धरत नाही, तरी त्याच्याविना कशालाही ठाव नाही. चीनच्या लाओ त्झूच्या नावे असलेल्या ग्रंथाच्या अकराव्या प्रकरणात तर दृष्टान्तच चाकाचा आहे: आरे तुंब्याला जोडलेले असले, तरी चाक उपयोगी पडते ते तुंब्यातल्या पोकळीमुळे. गाडीच्या चाकावरची मोकळी जागा याच जातीची आहे. गुळगुळीत रस्त्यावर तिचे शेवटचे काही मिलिमीटर महिनोन्‌महिने वापरलेच जात नाहीत. बघणाऱ्याला ती चाक आणि मडगार्ड यांच्यामधली रिकामी, कुरूप फट दिसते. ती वापरात नसतानाही कामावर असते, ही गोष्ट डोळ्याला पटवणे अवघड आहे. दानधर्म, विश्रांती, मौन यांच्याविषयीही माणसाची हीच चूक होते. जे दिवसभर काही करताना दिसत नाही, ते तो आधी कापतो.

जागा संपत आली की काम येते बंप स्टॉपवर. शॉक अॅब्सॉर्बरच्या दांड्यावर बसवलेला, सूक्ष्म छिद्रांच्या पॉलियुरेथेनचा हा तुकडा सुरुवातीला सहज दबतो आणि पुढे झपाट्याने ताठ होत जातो. चांगल्या रचनेत तो अखेरचा अडसर नसून स्प्रिंगचाच पुढचा भाग असतो. चाक सीमेवर पोचण्याच्या कितीतरी आधी त्याचा विरोध जाणवू लागतो. गाडी खाली बसवणारे काही जण जागा वाढवण्याच्या नादात हा तुकडा काढूनच टाकतात. जागा वाढते खरी, पण तिच्या टोकाला लोखंड असते. अशा गाडीत शॉक अॅब्सॉर्बरच्या आतला झडपांचा भाग फुटतो, वरचे माउंट तुटते, आणि वळणावर एक चाक आपटले की त्या चाकाची पकड एका क्षणात सुटते. मर्यादा काढून टाकल्याने मोकळीक मिळत नाही. पूर्वसूचना तेवढी जाते. योग्य मार्ग असा: स्प्रिंग काढून चाक जॅकने वर न्यावे, टायर कमानीला किंवा कुठला भाग दुसऱ्याला कुठे लागतो ते पाहावे, आणि त्याच्या आधी पूर्ण दबेल इतक्या लांबीचा, मऊ सुरुवातीचा बंप स्टॉप बसवावा.

शॉक अॅब्सॉर्बरचे काम याहून निराळे आणि चिंतनाच्या दृष्टीने अधिक भरीव आहे. स्प्रिंग धक्का साठवते आणि जवळजवळ तसाच परत करते. शॉक अॅब्सॉर्बर तेल बारीक छिद्रांतून ढकलून त्या धक्क्याची उष्णता करतो. वेदान्तात साधकाच्या सहा संपत्तींमध्ये तितिक्षा सांगितली आहे. शंकराचार्यांच्या नावे असलेल्या विवेकचूडामणीत तिचे लक्षण दुःख सोसणे एवढ्यावर थांबत नाही. प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता सोसणे असे ते आहे. आलेला आघात परत न फेकता विरवणे, हे स्प्रिंगचे काम नव्हे. पण इथेच एक सावधगिरी लागते. शॉक अॅब्सॉर्बरवरचा स्क्रू फिरवून परतीचा विरोध फार वाढवला, तर दबलेले चाक वेळेत खाली येत नाही. त्याआधीच पुढचा खड्डा येतो, मग त्याच्या पुढचा, आणि दर वेळी गाडी थोडी अधिक खाली राहते. शेवटी एका किरकोळ उंचवट्यावर ती आपटते. त्या उंचवट्याचा त्यात फारसा दोष नसतो. वरून शांत दिसणारा माणूस क्षुल्लक कारणावरून कोसळतो, तेव्हाही बहुधा हेच घडलेले असते. दाबून ठेवणे आणि सोसणे यांतला भेद या एका स्क्रूवर दिसतो.

मग योग्य उंची कोणती? बौद्ध विनयपिटकात सोण नावाच्या भिक्षूची कथा आहे. चंक्रमण, म्हणजे येरझाऱ्या घालत ध्यान, करता करता त्याचे पाय रक्तबंबाळ झाले, तेव्हा बुद्धांनी त्याला ना फार ताणलेल्या, ना फार सैल अशा वीणेच्या तारेची आठवण करून दिली, कारण गृहस्थाश्रमात तो वीणावादक होता. ॲरिस्टॉटलही मध्याचा पुरस्कार करतो, पण तो मध्य संख्येचा नव्हे, हे बजावतो: मल्ल मायलोला कमी पडणारे अन्न नवशिक्याला जास्त होईल. गाडीलाही हाच न्याय लागतो. एकट्या चालकासाठी बेताने बसवलेली गाडी मागे तीन माणसे आणि डिकीत सामान येताच आणखी खाली जाते, आणि जागेचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. म्हणून माप भरलेल्या गाडीचे घ्यावे. शॉक अॅब्सॉर्बरच्या उघड्या दांड्यावर प्लॅस्टिकची पट्टी बांधून नेहमीच्या रस्त्यावर फिरून आले, की ती किती वर सरकली यावरून चाकाने किती जागा वापरली ते कळते.

सौंदर्यासाठी उंची सोडायचीच असेल, तर जागा दुसरीकडून परत मिळवता येते. आखूड घडणीचा शॉक अॅब्सॉर्बर बसवला, किंवा ज्या कॉइलओव्हरमध्ये (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर यांच्या जोडसंचात) खालचा कंस फिरवून उंची बदलते तो वापरला, तर दांड्याची हालचाल पूर्ण राहते आणि सीमा टायर व कमानीकडे जाते.

उंचीच्या प्रश्नाला सर्वांत धीट उत्तर दिले ते लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन-अमेरिकन तरुणांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर ते डिकीत वाळूची पोती टाकून आणि स्प्रिंगा कापून गाड्या जमिनीलगत आणत, सावकाश चालवत. या लोरायडर गाड्यांवर ग्वादालुपेच्या मातेची चित्रे रंगवलेली आढळतात. ज्या वस्तूवर भक्ती उमटते तिचे बुटकेपण केवळ हौस म्हणून निकाली काढता येत नाही. गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खाली नसावा, असे कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याचे कलम २४००८ सांगत होते. १९५९ च्या सुमारास रॉन अगिरे यांनी आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप जोडले. गाडी उभी असताना खाली, चालताना वर. उंची किती, या प्रश्नाच्या जागी उंची केव्हा, हा प्रश्न आला. ते कलम १ जानेवारी २०२४ पासून रद्द झाले, पण पंप आजही लावले जातात. तेल दाबले जात नाही, म्हणून निव्वळ तेलावर उभी गाडी दगडासारखी चालते. काही कारागीर तेलाच्या नळीला नायट्रोजन भरलेला गोळा जोडतात. तेल त्याच्यात शिरते, वायू आकसतो आणि चाकाला वर जायला जागा मिळते.