इच्छेचं माप

ज्याला परवडतं, जो कर वेळेवर भरतो, कामगारांचे पगार थकवत नाही, बसदीला हात आखडता न घेता देतो, अशा श्रावकानं दोनच माणसं बसतील अशी, कोटीच्या वरची पेट्रोल गाडी घेतली तर त्याचं व्रत मोडतं का? हा प्रश्न माझ्यापुढं आला तो भाच्यामुळं. बेळगावला उद्यमबागेत त्याची फौंड्री आहे. त्याला पोर्शची ७१८ केमन हवी आहे. आणि मी चार पुस्तकं वाचते, म्हणून "नको" म्हणायचं काम माझं, असं अक्कानं ठरवून टाकलंय.

नको म्हणणं सोपं असतं. पण त्याचं म्हणणं आधी समजून तर घेऊ. या गाडीचं इंजिन पुढं बॉनेटखाली नसतं. ते बसणाऱ्याच्या पाठीमागं, मागच्या चाकांच्या अलीकडं असतं. सगळ्यात जड वस्तू मधोमध आली की गाडी वळणावर चटकन फिरते. भरलेली घागर कमरेवर घेऊन वळणं आणि तीच हात लांब करून धरून वळणं, यात जो फरक तोच इथं. मागं बाक बसवायला जागा उरत नाही, म्हणून माणसं दोनच. भाचा हे सांगतो तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. लोखंड ओतणाऱ्या माणसाला चांगल्या यंत्राचं कौतुक वाटलं, तर त्यात पाप कसलं?

आणि "बाई बाई, केवढी ही उधळपट्टी!" असं आपण बायकांनी जरा हळूच म्हणावं. आपलं लॉकरमधलं सोनं आवाज करत नाही, एवढंच.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात परिग्रह मर्यादित करण्याच्या या अणुव्रताला आणखी एक नाव दिलंय, इच्छापरिमाण. मला हे नाव फार आवडतं. शेत, घर, सोनं, धान्य, भांडीकुंडी यांची मोजदाद करता येते. इच्छेची कशी करणार? एकच उपाय: माप आधी ठरवायचं, वस्तू नंतर बघायची. भाचा म्हणाला, "मावशी, माझ्या मिळकतीच्या मानानं हे मर्यादेतच आहे की." मी विचारलं, "मर्यादा कधी ठरवलीस?" तो हसला. गाडी आवडल्यावर ठरवलेली मर्यादा बरोबर गाडीच्या किमतीएवढीच निघते.

त्यात भर म्हणजे ही गाडी आता मिळेनाशी होतेय. युरोपात तिची विक्री २०२४ मध्येच थांबली, २०२५ मध्ये उत्पादनही थांबलं. त्यामुळं आता वापरलेली शोधायची. "आता नाही तर कधीच नाही," असं तो म्हणतो. खडे बाजारात "शेवटचे दोन दिवस" अशी पाटी दिसली की आपले पाय कसे वळतात, ते आठवा. साडी कालचीच असते, पण शेवटची म्हटल्यावर ती हवीशी होते. ही ओढ गाडीची नव्हे, हातातून जाईल या भयाची. आणि भय तर आपल्याकडं चौदा अंतरंग परिग्रहांत मोजलेलं आहे. म्हणजे गाडी दारात यायच्या आधीच परिग्रह घरात आला.

पेट्रोलचं काय, असं कुणी विचारेल. त्याच्या भट्टीत रोज आग पेटते, ती उद्योगी हिंसा. गृहस्थाला ती पूर्ण टळत नाही. पण रविवारी पहाटे नुसतं चोर्ल्याच्या घाटात जाऊन परत यायचं, याला काय म्हणायचं? विनाकारण आग पेटवणं, विनाकारण फिरणं, हे शास्त्रकारांनी अनर्थदंडात, प्रमादचर्येत घातलंय. मला इथं भाच्याची बाजू घेता येत नाही. किमतीपेक्षा मला हेच जास्त खटकतं. "मग सात माणसांच्या गाडीतून एकट्यानं फिरणारे?" असं त्यानं विचारलं. बरोबर आहे. त्यांनाही हेच लागू. पण त्यांच्या गाडीत निदान अक्काला स्तवनिधीला नेता येतं. याच्या गाडीत बायको बसली की आई घरी, आई बसली की बायको घरी.

याच व्रताचे पाच अतिचार सांगितलेत, त्यात पहिलाच अतिवाहन. लोभापायी बैलांना झेपेल त्याहून जास्त चालवणं, असा जुना अर्थ. गरजेपेक्षा जास्त वाहनं बाळगणं, असाही काहीजण करतात. पण माझं लक्ष तिसऱ्यावर थांबतं. विस्मय. दुसऱ्याचं वैभव बघून डोळे विस्फारणं. म्हणजे गाडी घेणारा एक, आणि गल्लीत उभं राहून बघणारे आपण पन्नास, हिशेब सगळ्यांचाच. बघणारं कुणी नसेल, तर असली गाडी किती जण घेतील कोण जाणे!

हे मी अक्काला सांगितलं. म्हटलं, "गाडी आलीच, तर शेजारच्या किती खिडक्या उघडल्या ते गच्चीवरून मोजायचं नाही."

"मी कशाला मोजू?" ती म्हणाली. मग भाजी निवडता निवडता विचारलंन, "रंग कुठला घेतोय म्हणे?"