स्पर्शावाचून दर्शन

वेस्ट इंडीजमधील पोर्तो रिकोच्या व्हिएकेस बेटावर मॉस्किटो बे नावाचा एक लहानसा उपसागर आहे. अंधाऱ्या रात्री तेथे वल्हे मारले की पाणी निळसर तेजाने उजळते. हे तेज पायरोडिनियम नावाच्या एकपेशीय जीवाचे. २००६ साली गिनेसच्या विक्रमग्रंथाने या उपसागरास अशा जलाशयांत सर्वांत तेजस्वी ठरविले. २००७ साली त्यात पोहण्यास बंदी झाली.

या बंदीविषयी एक शंका सहज उपस्थित होते. हा जीव डिवचल्याखेरीज उजळतच नाही. त्याचे तेज म्हणजे भक्षकास बुजविण्याचे साधन होय. मग वल्ह्याने डिवचलेले चालते, तर हाताने का चालू नये? दर्शन हवे तर त्रास द्यावाच लागणार, असे कोणी म्हटले तर ते अगदीच खोटे नाही.

परंतु विचारांती दिसते की, भेद डिवचण्यात नसून मागे काय राहते यात आहे. मासा निघून गेला, वल्हे उचलले, की पाणी पूर्ववत होते. माणसाच्या अंगाला मात्र तेल, डास पळविणारे औषध, उन्हासाठी लावलेला लेप असतो. तो पाण्यात उतरतो आणि रेंगाळतो. कारण उपसागराचे मुख अत्यंत अरुंद आहे. त्या अरुंदपणामुळेच हे जीव समुद्रात वाहून न जाता दाटीने राहतात आणि काठच्या खारफुटीच्या कुजलेल्या पानांतून पाण्यात उतरणाऱ्या सत्त्वावर वाढतात. त्याच अरुंदपणामुळे आत पडलेले विषही लवकर बाहेर जात नाही. २०१७ सालच्या मारिया चक्रीवादळाने तेथील तेज मालवले होते, ते काही महिन्यांनी परतले. रोजच्या थोड्याथोड्या मळाला वादळासारखी अखेर नसते.

आपल्याकडे पंढरीस पांडुरंगाच्या पायांची झीज भक्तांच्या हातांनीच झाली आणि वज्रलेप करावा लागला. त्या हातांत श्रद्धा उणी नव्हती. तरीही गर्दीमुळे केवळ कळसाचे दर्शन घेऊन परतणारा वारकरी आपली वारी फुकट गेली असे समजत नाही.

सर्वांनाच मज्जाव करा, हे दूर बसून सांगणे सोपे आहे. मला ते पटत नाही. बेटावरील नावाड्यांचे पोट या फेऱ्यांवर आहे; शिवाय ज्याने ते पाणी पाहिले, तोच काठची खारफुटी तोडण्यास विरोध करील, हा संभव अधिक. अवघड प्रश्न संख्येचा आहे. शंभरावी नाव पहिल्या नावेइतकीच निर्दोष असते, मग थांबावे कोणी? पौर्णिमेच्या सुमारास चांदण्यात तेज नीट दिसत नाही, म्हणून बरेच नावाडी फेऱ्या बंद ठेवतात. तेवढ्या रात्री त्या पाण्याला डिवचतात ते फक्त मासे.