दुर्धर व्याधी आणि मनाची प्रसन्नता

श्री खंडेश्वराच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांमध्ये शुभकार्याच्या निमित्ताने येणारे जसे असतात, तसेच दुर्धर व्याधीचे ओझे घेऊन येणारेही असतात. कर्करोगाचे निदान झालेला मनुष्य गाभाऱ्यापुढे हात जोडून उभा राहतो, तेव्हा त्याच्या मनात भीती असते आणि बहुधा एक प्रश्नही असतो, ‘हे माझ्याच वाट्याला का?’ घरची मंडळी त्यास सांगत असतात, ‘मन खंबीर ठेवा, सर्व ठीक होईल.’ हा उपदेश प्रेमापोटीच केलेला असतो. परंतु मन खंबीर ठेवणे म्हणजे नेमके काय आणि ते न जमल्यास रुग्ण दोषी ठरतो काय, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. असा रोग म्हणजे पूर्वसंचिताचे फळ किंवा श्रद्धा उणी पडल्याचे लक्षण, असे पुष्कळदा मानले जाते. यास आपल्या अमरावती जिल्ह्यातूनच उत्तर मिळते. यावली येथे १९०९ साली जन्मलेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरीच्या साथीने गावोगाव लोकजागृती करीत फिरले. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी कारावास सोसला आणि ‘ग्रामगीता’ लिहून खेड्यापाड्यांस विचार दिला. त्यांनाही अखेरीस कर्करोगाने ग्रासले. उपचार होऊनही ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात त्यांनी देह ठेवला. ज्यांचे आयुष्य प्रार्थनेत आणि सेवेत गेले, त्यांनाही हा रोग चुकला नाही. तेव्हा रोग हा कोणाच्याही भक्तीचा निवाडा नव्हे.

दुसरा गैरसमज असा की, जिद्द धरली की रोग हटतोच. ब्रिटनमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या ६९ रुग्णांच्या १९७९ सालच्या अभ्यासातून तशी आशा निर्माण झाली होती. परंतु १९९९ साली तेथेच ५७८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा लढाऊ वृत्तीमुळे आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. मात्र अगदी हताश झालेल्या रुग्णांची स्थिती काहीशी अधिक बिकट दिसली. याचा बोध इतकाच की, रुग्णास निराशेत एकटे सोडू नये. पण बरे न होणाऱ्यास ‘तुझीच हिंमत कमी पडली’ असेही कदापि म्हणू नये.

मग प्रसन्नता कशास म्हणावी? समुद्रमंथनातून हलाहल निघाले, तेव्हा महादेवाने ते कंठात धारण केले. त्या विषाचे अमृत झाले नाही आणि महादेवानेही त्यास अमृत म्हटले नाही. विषास विष म्हणून ओळखूनच त्यांनी आपले कार्य चालू ठेवले. व्याधी नाकारणे किंवा अश्रू गिळून हसणे ही प्रसन्नता नव्हे. व्याधी आहे, हे मान्य करून आजचा दिवस प्रेमाने व कर्तव्याने जगणे, ही खरी प्रसन्नता होय.

तिरुवण्णामलै येथील रमण महर्षींच्या डाव्या हातावर अर्बुद झाले, तेव्हा १९४९ साली त्यांच्यावर चार शस्त्रक्रिया झाल्या. देहाविषयी पूर्ण विरक्त असूनही त्यांनी वैद्यांना आपले काम करू दिले आणि १४ एप्रिल १९५० रोजी देहावसान होईपर्यंत भक्तांना दर्शन देणेही थांबविले नाही. वैराग्य आणि औषधोपचार यांचे वैर नाही. म्हणून नवस अवश्य बोलावा. परंतु नवसासाठी रुग्णालयाची तारीख चुकवू नये.

धैर्य एकट्याच्या बळावर टिकत नाही, हेही ध्यानी घ्यावे. श्रीरामकृष्ण परमहंसांना १८८५ साली घशाचा कर्करोग झाला. काशीपूरच्या उद्यानगृहात तरुण शिष्यांनी रात्रंदिवस पाळ्या लावून १६ ऑगस्ट १८८६ पर्यंत त्यांची शुश्रूषा केली. त्या सेवेतूनच पुढे संघ उभा राहिला. रुग्णाने सदैव हसतमुख राहावे, ही अपेक्षा ठेवण्याचा अधिकार कोणास नाही. पण त्याच्या उशाशी बसणे, त्याचे भय ऐकून घेणे, औषधाची वेळ सांभाळणे हे आप्तांचे कर्तव्य आहे.

हे कर्तव्य समाजाचेही आहे. याच जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी गरिबांच्या निवाऱ्यासाठी ठिकठिकाणी धर्मशाळा उभारल्या. त्यांच्या नावाने दादर येथे चालणाऱ्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात उपचारास आलेल्या दूरदूरच्या रुग्णांना आसरा मिळतो. नागपूर येथील कर्करोग रुग्णालयास राष्ट्रसंतांचेच नाव आहे. परगावी उपचारास निघालेल्या गरीब कुटुंबास प्रवासभाडे देणे, डबा पोहोचविणे, सोबत जाणे, हेही दानच होय आणि ते देवापर्यंत निश्चित पोहोचते.

व्याधिग्रस्तांस सहन करण्याचे बळ आणि निरोगी जनांस त्यांच्याजवळ बसण्याची सद्बुद्धी लाभो, हीच श्री खंडेश्वरचरणी प्रार्थना.